लेकीच्या हातात 'वुदरिंग हाइट्स'

पत्र:

ताई, नमस्कार. पत्र एका पुस्तकाबद्दल आहे, पण पुस्तकापुरतं नाही. कॉलेजात असताना फोर्टच्या फुटपाथवरून एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' ही इंग्रजी कादंबरी घेतली आणि लोकलच्या लेडीज डब्यात उभ्याने वाचून संपवली. तिचा नायक हीथक्लिफ, त्याने मला वेड लावलं होतं. प्रेम असावं तर असं, असं वाटायचं. ती प्रत माझ्यासोबत सासरीही आली. आता माझी १७ वर्षांची मुलगी तीच प्रत वाचतेय, माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. 'आय ॲम हीथक्लिफ' हे वाक्य तिने स्टेटसला ठेवलंय. तिच्या क्लासमध्ये एक मुलगा आहे. ती दुसऱ्या कुणाशी बोलली की तो अबोला धरतो, मग रात्री मेसेजवर मेसेज करतो. परवा ती कौतुकाने म्हणाली, 'आई, तो थोडा हीथक्लिफसारखा आहे.' माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून मी पुस्तक पुन्हा वाचलं. या वेळी त्या माणसाची किळस आली. कुत्र्याचा प्रसंग आला तेव्हा तर पुस्तक मिटून ठेवलं. आणि तरी त्याची लाडकी कॅथरिन जाते तिथे पुन्हा रडले. मी तेव्हा काय वाचत होते? ज्या पुस्तकाचा इतका राग येतो, ते अजून आवडतं कसं? आणि प्रत मुलीच्या हातून काढून घेऊ का?
एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घाई त्याची आहे. प्रत काढून घेऊ नका. तुमची मुलगी बहुधा निम्म्यापर्यंत आली असेल, आणि ही कादंबरी निम्म्यावर सोडण्यातच खरा धोका आहे. एकूण ३४ प्रकरणं. कॅथरिन १६व्या प्रकरणात जाते. तिथे पुस्तक हातातून गेलं, तर मुलीच्या मनात कायमचा राहील तो बागेतल्या झाडावर डोकं आपटून घेणारा प्रियकर. पुढच्या १८ प्रकरणांत तो दुसऱ्यांच्या लेकरांचं काय करतो, हे तिला कळणारच नाही. १९३९ सालच्या गाजलेल्या हॉलिवूडपटाने नेमकं हेच केलं. पुढची पिढी सगळी कापून टाकली आणि तेवढी प्रेमकथा ठेवली. हीथक्लिफ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो, तो असा अर्ध्या पुस्तकातला आहे. पुस्तक न वाचलेल्यांनाही तोच माहीत असतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. कॉलेजात असताना तुम्ही काय वाचत होता? तुम्ही इझाबेला होऊन वाचत होता. हे मी तुम्हाला दुखवायला म्हणत नाही. उलट मला वाटतं, तुम्हाला आणि तुमच्या मुलीला या पुस्तकात सगळ्यात जास्त कुणाची गरज असेल, तर ती इझाबेलाची आहे. आणि नेमकी तीच वाचकांच्या लक्षात राहत नाही.

इझाबेला लिंटन, कॅथरिनचा नवरा एडगर याची बहीण, म्हणजे कॅथरिनची नणंद. लाडात वाढलेली, वय १८, तुमच्या लेकीहून वर्षभराने मोठी. तीनेक वर्षं बेपत्ता असलेला हीथक्लिफ पैसा आणि रुबाब घेऊन परत येतो आणि ही त्याच्यावर जीव टाकते. तिला सावध कोण करतं? खुद्द कॅथरिन. जिने 'मीच हीथक्लिफ आहे' म्हटलं, तीच बाई नणंदेला बजावते की वरून राकट आणि आतून हळवा असा हा माणूस नाही. हा क्रूर आहे, निर्दय आहे, लांडग्याच्या जातीचा आहे, तू जड झालीस की चिमणीच्या अंड्यासारखी चिरडून टाकील. इझाबेलाला वाटतं, ही मत्सराने बोलतेय. घरात कुणी मोठ्या माणसाने सावध केलं की त्या वयात दुसरं काय वाटतं?

ती त्याच्याबरोबर पळून जाते. ज्या कुत्र्याच्या प्रसंगापाशी तुम्ही पुस्तक मिटलंत, तो त्याच रात्रीचा. तिची लाडकी कुत्री त्याने रुमालाने आकड्याला टांगलेली असते आणि घरची कामवाली नेली डीन तिला शेवटच्या घटकेला सोडवते. तिथे थांबू नका, पुढे वाचा. १३व्या प्रकरणात इझाबेलाचं नेलीला आलेलं पत्र आहे. नवी नवरी विचारते, मी ज्याच्याशी लग्न केलंय तो माणूस आहे का? माणूस असेल तर वेडा आहे का? आणि वेडा नसेल तर सैतान आहे का?

मग येतं १४वं प्रकरण. माझ्या मते सगळं पुस्तक या प्रकरणावर तोललेलं आहे. हीथक्लिफ बायकोच्या समोर, नेलीला सांगतो की या मुलीने मला प्रेमकथेचा नायक समजून घर सोडलं. तिला वाटलं, मी हिच्यावर दिलदारपणे जीव ओवाळून टाकीन. घर सोडताना हिने माझं पहिलं कृत्य पाहिलं ते कुत्र्याला टांगण्याचं, तरी हिचे डोळे उघडले नाहीत, असंही तो म्हणतो. आणि पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो, ती फार कमी वाचकांच्या ध्यानात राहते. मी कायद्याच्या चौकटीच्या बाहेर पाऊल टाकत नाही, हिला माझ्यापासून वेगळं होण्याचा हक्क मागता येईल असं काहीही मी आजवर केलेलं नाही. बेभान प्रेमात वाहून गेलेला माणूस असं बोलत नाही. याचा हिशोब पक्का आहे.

हे १८४७ सालचं लेखन आहे, ठाण्याला पहिली आगगाडी यायच्याही आधीचं. यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ या गावच्या पाद्र्याची मुलगी, अजून तिशीही न गाठलेली एमिली ब्राँटे, 'एलिस बेल' असं पुरुषी वाटावं असं टोपणनाव घेऊन हे लिहीत होती. हीथक्लिफवर भाळणारी वाचक तिने कादंबरीतच आणून बसवली आणि त्याच्याच तोंडून तिची चेष्टा करवली. तेव्हा कॉलेजातल्या त्या मुलीवर रागावू नका. ती भाळेल, हे लेखिकेने आधीच गृहीत धरलं होतं.

आणि इझाबेला फक्त फसलेली मुलगी म्हणून राहत नाही, म्हणून मी तिच्यापाशी इतकी रेंगाळते आहे. कॅथरिनचा अंत्यविधी नुकताच झालेला असताना ती बर्फापावसातून धावत ग्रेंजला, म्हणजे एडगरच्या घरी येते. अंगावर पातळ कपडे, पायात घरातल्या सपाता, कानाखाली जखम. त्याने जेवणाच्या टेबलावरची सुरी फेकून मारलेली असते. आत येते ती हसत येते, सुटल्याच्या आनंदात. बोटातली लग्नाची अंगठी काढते, जमिनीवर आपटते, ठोकते आणि विस्तवात टाकते. मग दक्षिणेला, लंडनच्या बाजूला निघून जाते. तिथे तिला मुलगा होतो आणि ती स्वतः आहे तोवर त्या मुलाला बापाच्या तावडीत जाऊ देत नाही. या वेळी ती पोटुशी आहे, एकटी आहे, आणि काळ कसला? बायकोची मालमत्ता नवऱ्याची मानली जाई. लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवण्याचा पुरता हक्क इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याने मिळाला, म्हणजे कथेतल्या काळानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. तरी ती निघते. वुदरिंग हाइट्स नावाच्या त्या घरात अडकून कुजणारी माणसं कादंबरीत पुष्कळ आहेत. स्वतःच्या पायांनी बाहेर पडणारी ही एक.

१३, १४ आणि १७ ही तीन प्रकरणं मुलीबरोबर वाचा. तिने वाचली असतील तरी पुन्हा वाचा. जेवणं झाल्यावर, मोठ्याने, आलटून पालटून. मध्ये थांबून 'बघितलंस?' असं अजिबात म्हणू नका. तुम्ही बोललात की ती तुमच्याशी वाद घालेल. तुम्ही गप्प राहिलात तर तिला इझाबेलाशीच बोलावं लागेल.

ते स्टेटसचं वाक्य आता. 'आय ॲम हीथक्लिफ' हे कॅथरिन हीथक्लिफला म्हणत नाही. ती ते नेलीला म्हणते, स्वयंपाकघरात, आणि कधी, तर एडगरला लग्नाचा होकार दिल्यावर. त्याच संभाषणात आधी ती म्हणते की आता हीथक्लिफशी लग्न करणं मला कमीपणाचं होईल. तो अंधारात बाकावर बसून तेवढंच ऐकतो आणि निघून जातो. ज्या वाक्यावर जग लट्टू आहे, ते वाक्य तो ऐकतच नाही. मुलीला एवढंच विचारा, हे वाक्य तिने कुणाला सांगितलं होतं गं? बहुतेकांना आठवत नाही. ती प्रकरण ९ उघडून बघेल, आणि बघितल्यावर स्टेटस ठेवायचं की काढायचं ते तिचं ती ठरवील.

त्या स्वयंपाकघरात आणखी एक माणूस आहे, ती सगळी गोष्ट सांगणारी नेली. हीथक्लिफ उठून गेलेला नेलीला दिसतो. पण कॅथरिन तिथे बोलत असते त्या क्षणी ती तिला ते सांगत नाही. सांगते तेव्हा तो कधीच वादळी रात्रीत निघून गेलेला असतो. पुढे कॅथरिन आजारी पडते तेव्हाही दुखणं किती बळावलंय, हे नेली एडगरच्या कानावर घालत नाही. तुमच्या पत्रात नेलीचा उल्लेखच नाही, आणि ते साहजिक आहे, कारण आपण तिला निव्वळ सांगणारी समजतो. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये यमू आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगते, तेव्हा तिच्या शब्दावर आपण पुरता विश्वास टाकतो. इथे तसं नाही. इथे कॅथरिन आणि हीथक्लिफ यांची गोष्ट त्यांच्या घरची बाई सांगते, ती भाड्याने राहायला आलेला लॉकवुड ऐकतो, आणि तो ती आपल्याला सांगतो. नेलीची स्वतःची मतं आहेत, राग-लोभ आहेत, झाकायच्या गोष्टीही आहेत. दुसऱ्या वाचनात तुमचा कल बदलला, त्याला तुमचं वय कारण आहेच. पण या रचनेत वाचकाला दर वेळी नव्याने न्यायनिवाडा करावा लागतो, हेही कारण आहे. कल पुन्हा बदलेल. बदलू द्या.

राग येतो तरी आवडतं कसं, असं तुम्ही विचारलंत. मला ही कादंबरी फार प्रिय आहे आणि हीथक्लिफ मला मुळीच आवडत नाही. या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी सुखाने राहतात. पुस्तक आवडणं म्हणजे त्यातल्या माणसाची बाजू घेणं नव्हे. तुम्ही जिथे रडलात, तिथे रडण्यासारखंच आहे. हीथक्लिफ म्हणजे लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं एक उपाशी पोर. त्याची भाषा कुणाला कळत नाही, रंग सावळा. शेजारचा लिंटन त्याला बघून म्हणतो, हा कुणी लास्करचा पोरगा दिसतो. लास्कर म्हणजे इंग्रजांच्या जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी, त्यांत आपल्या कोकण किनाऱ्यावरचेही होते. म्हणजे तो आपल्याच बाजूचा असेल, अशी एक शक्यता एमिलीने ठेवून दिली आहे आणि उत्तर दिलेलं नाही. घरातला थोरला मुलगा, कॅथरिनचा भाऊ हिंडली त्याला मारतो, शिकू देत नाही, गड्यांत ढकलतो. त्या घरात त्याला बरोबरीचं मानणारी एकच मुलगी असते, आणि तीही त्याला सोडून मोठ्या घरात जाते. याचं दुःख तुम्हाला तेव्हा झालं, आत्ताही होतं. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. चूक तिथे होते जिथे आपण म्हणतो, इतकं सोसलं म्हणून पुढचं सगळं माफ.

तुमच्याच वळणाची शंका छापून मांडणारी वाचक एमिलीची थोरली बहीण होती. एमिली १८४८ च्या डिसेंबरात क्षयाने गेली, कादंबरी छापून जेमतेम वर्ष झालं होतं. १८५० साली शार्लटने नवी आवृत्ती काढली आणि प्रस्तावनेत लिहिलं की हीथक्लिफसारखी माणसं निर्माण करणं योग्य आहे का, हे मला माहीत नाही, बहुधा नसावंच. सख्ख्या बहिणीच्या पुस्तकाबद्दल, ती गेल्यानंतर दोन वर्षांत! त्याच प्रस्तावनेत तिचं आणखी एक निरीक्षण आहे. हीथक्लिफमध्ये माणुसकीची एकच भावना दिसते, ती त्याचं कॅथरिनवरचं प्रेम नव्हे, असं ती म्हणते. त्याला हेअरटनबद्दल जे ओबडधोबड ममत्व वाटतं, ती ही भावना. शार्लटशी माझं सगळंच पटत नाही, पण हे वाक्य मी कधी विसरले नाही.

कारण हेअरटनपाशी पुस्तकाचा उत्तरार्ध उभा आहे. हिंडलीचा हा मुलगा. हिंडलीने आपलं जे केलं तेच हीथक्लिफ या पोराचं करतो, त्याला अडाणी ठेवतो, गड्यासारखा राबवतो. कॅथरिनच्या मुलीला, धाकट्या कॅथीला, तो घरात कोंडतो आणि आपल्या मरायला टेकलेल्या मुलाशी तिचं लग्न लावून तिची मालमत्ता घशात घालतो. आणि तरी शेवटी काय होतं? हेअरटनला वाचता येत नाही म्हणून आधी त्याला हसणारी कॅथी त्याच्याजवळ बसून त्याला वाचायला शिकवते. तो चुकतो, ती त्याला रागे भरते, तो पुन्हा वाचतो. तुमच्या मुलीला प्रेम कसं असतं ते या कादंबरीतच शोधायचं असेल, तर तिला ३२व्या प्रकरणापर्यंत पोहोचू द्या. यात झाडावर डोकं आपटणं नाही, म्हणून त्याचे स्टेटस होत नाहीत. तिसरी बहीण ॲन, तिची १८४८ ची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' ही कादंबरी हिच्या पाठोपाठ द्या. दारुड्या नवऱ्याला सोडून लहान मुलाला घेऊन बाहेर पडलेल्या बाईची ती गोष्ट आहे, आणि तिच्यात त्या बाईला स्वतःच्या तोंडाने बोलता येतं.

हे झालं पुस्तकाचं. त्या मुलाचं वेगळं बोलू, आणि तुम्हीही ते वेगळंच ठेवा. त्याला हीथक्लिफ म्हणण्यात तुमची मुलगी त्याला मोठं करते आहे, आणि तुम्ही घाबरून तेच नाव घेतलंत तर तुम्हीही कराल. तो बारावीच्या क्लासला येणारा एक मुलगा आहे. त्याचं वागणं साध्या शब्दांत मांडा. तू दुसऱ्याशी बोललीस की तो अबोला धरतो. रात्री झोपू देत नाही. हे तुला कसं वाटतं? त्याचा फोन येतो तेव्हा आनंद होतो की आधी धास्ती वाटते? त्याला नाही म्हटलं तर काय होतं? हे प्रश्न घरात समोरासमोर बसून विचारले की चौकशी वाटते. संध्याकाळी उपवनला किंवा तलावपाळीला चक्कर मारता मारता विचारा. शेजारी चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे मुलं मोकळी होतात, हा माझा शिकवण्याच्या दिवसांपासूनचा अनुभव आहे.

तिच्या उत्तरातून कदाचित एवढंच कळेल की तो अजून वागायला शिकतो आहे, आणि हिने एकदा स्पष्ट सांगितलं तर सुधारेल. तसं असेल तर ते तिलाच सांगू द्या. पण तो तिचा फोन तपासत असेल, पासवर्ड मागत असेल, मैत्रिणींपासून तोडत असेल, स्वतःला इजा करून घेण्याची किंवा फोटो पसरवण्याची भीती घालत असेल, तर हे पोराटोरांचं रुसणं-फुगणं समजू नका. मेसेज पुसू न देता जपून ठेवा, क्लासच्या बाईंना आणि त्या मुलाच्या पालकांना भेटा. मुलगी १८ च्या आतली आहे, तेव्हा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास तुमच्यासाठी आहे, आणि गोष्ट धमकीवर आली तर ११२ वर फोन करायला कचरू नका. स्वतःला इजा करण्याची भाषा त्या मुलाच्या तोंडी असेल, तर त्यालाही मदतीची गरज आहे. त्याच्या आईबापांना ते त्याच दिवशी कळायला हवं. तुमची मुलगी आपण होऊन तुमच्यापाशी त्याच्याबद्दल बोलली आहे, तेव्हा आज संध्याकाळीच तिला बाहेर घेऊन जा.